कुंडीतली कोरफड, हिरवी बाटली की बिनरंगाची ट्यूब?

परवा दादरला रानडे रोडवरच्या एका दुकानात कॉलेजातली एक मुलगी कोरफडीची दोन जेल हातात धरून उभी होती. एक हिरवंगार, एक पाण्यासारखं. "काकू, यातलं नॅचरल कुठलं?" तिने मला विचारलं. दोन्हींवर पुढे कोरफडीचं पान, दोन्हींवर तोच शब्द. मी म्हटलं, "आधी दोन्ही उलटी कर."

'नॅचरल' कशाला म्हणायचं याची व्याख्या आपल्याकडच्या कॉस्मेटिकच्या नियमांत नाही. मागची बारीक अक्षरांतली यादी मात्र नियमाने द्यावी लागते आणि तिला क्रम असतो. ज्याचं वजन जास्त तो घटक आधी. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी, कुठल्याही क्रमाने.

हिरव्या बाटलीची यादी आम्ही दोघींनी वाचली. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी, ग्लिसरीन, जेल घट्ट करणारा कार्बोमर, फिनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, आणि त्यानंतर कुठे कोरफड. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जेल खराब होऊ न देणारं द्रव्य, साधारण १ टक्क्यापर्यंतच घालतात, म्हणजे त्याच्याही खाली नाव असलेली कोरफड बहुधा त्याहून कमीच. (कोरफडीची सुकी पावडर घातली असेल तर थोडीही पुरते, पण मग नावापुढे 'पावडर' असं लिहिलेलं असतं. इथे नव्हतं.) सगळ्यात शेवटी सीआय १९१४० आणि सीआय ४२०९०. पहिला पिवळा रंग, दुसरा निळा, मिळून हिरवा. घरी पान सोलून बघा, गर काचेसारखा पारदर्शक असतो. हिरवी असते ती साल.

बिनरंगाच्या ट्यूबवर पहिलंच नाव अ‍ॅलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस, म्हणजे कोरफडीचा रस. मग ग्लिसरीन, झँथन गम, सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट. परफ्यूम नाही. शेवटची दोन नावं वाचून मुलगी थबकली. "यात केमिकल आहे की!"

इथेच बहुतेक जणींचा निर्णय चुकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पाणी, वनस्पतीचा रस आणि जुलैतली मुंबईची दमट न्हाणी हे तिन्ही एकत्र आले की बुरशी आणि जिवाणूंना आणखी काही लागत नाही. ते वाढू नयेत म्हणून ही दोन प्रिझर्व्हेटिव्ह. सोडियम बेंझोएट तुमच्या घरातल्या सरबताच्या बाटलीतही सापडेल. त्यामुळे पाणी असलेल्या जेलवर 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' असं छापलं असेल तर मी ते उचलत नाही. उटण्याची कोरडी पूड किंवा निव्वळ तेल यांना ते लागत नाही, फक्त डब्यात ओला हात घालायचा नाही.

मग कुंडीतली का नको? हवी की, पण नीट काढलेली. पहिल्यांदा मी पान मोडून तसंच गालावर घासलं होतं. अर्ध्या तासात गाल लाल आणि खाज थांबेना. सालीखाली पिवळा चीक असतो, तो काहींच्या त्वचेला झोंबतो. आता पान कापलं की वाटीत उभं करून दहा-पंधरा मिनिटं चीक निथळू देते, धुते, मग सोलते. उरलेला गर झाकून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा.

शेजारच्या फळीवर आयुर्वेदिक परवान्याचं क्रीम होतं. त्याचं लेबल वेगळ्या पद्धतीचं. दर १० ग्रॅममध्ये घृतकुमारी, म्हणजे कोरफडच, किती ते लिहिलेलं, पण बाकी क्रीम कशाचं, तर 'बेस क्यू.एस.', म्हणजे पुरेसा. कॉस्मेटिकमध्ये नावं कळतात, प्रमाण कळत नाही. इथे वनस्पतीचं प्रमाण कळतं, बेस कळत नाही. कशाची अ‍ॅलर्जी आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा बेस अडचणीचा.

माझं मत विचाराल तर, त्वचा लगेच चिडत असेल तर बिनरंगाची, बिनवासाची ट्यूब. लव्हेंडर किंवा गवती चहाचं तेल घातलेलं जेलही अशा त्वचेला नको. त्यातली लिनालूल, सिट्रल ही द्रव्यं वनस्पतीतूनच येतात, तरी अ‍ॅलर्जी देऊ शकतात. अधूनमधून उन्हाने चेहरा तापला तेवढ्यापुरतं हवं असेल तर कुंडी पुरे. हिरव्या बाटलीचा वास आवडतो आणि ती सोसते, तर वापरा, पण कोरफडीच्या नावाने जास्त पैसे मोजू नका. एमआरपीजवळ दर ग्रॅमची किंमत असते, ती ताडून बघा. दिवसभर एसीत बसून चेहरा ओढल्यासारखा होत असेल तर नुसतं जेल पुरणार नाही, वरून साधं क्रीम हवंच. तिथे खोबरेल लावायचा मोह होतो, पण पुटकुळ्या येणाऱ्यांनी ते चेहऱ्याला टाळावं.

काहीही घ्या, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.

मुलीने ट्यूब घेतली, लहान आकाराची. मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '६ एम' होतं, म्हणजे उघडल्यापासून सहा महिने. ती म्हणाली, "उघडली कधी ते लक्षात कसं राहणार?" मी पर्समधला मार्कर काढून तिला दिला.