ताज्या ऊतींसाठी जीग्लू-एचएमआरजी प्रोब: वापरून झालेलं मत

ज्यांच्या हाती शस्त्रक्रियेतून नुकताच निघालेला नमुना येतो, त्यांनी जीग्लू-एचएमआरजी हा प्रोब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींपाशी चमकू लागणारा रेणू, मागवावाच. आमच्या प्रयोगशाळेत तो आता नेहमीच्या वापरात आहे. ताज्या नमुन्याची अट मात्र पाळायलाच हवी. फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवायच्या द्रावणात) पडलेल्या तुकड्यातलं, प्रोबला चमकवणारं एन्झाइम निकामी झालेलं असतं. त्यावर कितीही प्रोब ओता, उपयोग नाही.

टोकियो विद्यापीठाचे यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतले हिसाताका कोबायाशी यांनी 2011 मध्ये हा रेणू मांडला. मुळात तो रंगहीन असतो. बऱ्याच कॅन्सर पेशींच्या पृष्ठभागावर जीजीटी हे एन्झाइम भरपूर असतं. ते रेणूला जोडलेला ग्लुटामिक आम्लाचा तुकडा कापतं, आतलं बंद कडं उघडतं आणि रेणू हिरवा चमकू लागतो. न कापलेला प्रोब चमकतच नाही, म्हणून मधे धुवायची भानगड नाही. वेळ वाचतो तो इथेच.

स्तनाच्या गाठीचा काप घ्यायचा, वरचं रक्त हलकेच टिपून घ्यायचं (हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं, ही पायरी टाळू नका), 50 मायक्रोमोलर द्रावण सोडायचं आणि निळ्या प्रकाशात फिल्टरमधून बघत राहायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग चरबीच्या काळ्या पट्ट्याशेजारी बारीक हिरवे ठिपके उमटतात, बघता बघता एकमेकांना मिळतात आणि गाठीची कड डोळ्यांपुढे उभी राहते. कडेला गाठ शिल्लक राहिली तर त्या बाईला पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागतं, त्यामुळे ही काही मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

पण चमकलं म्हणजे कॅन्सर, असं अजिबात धरू नका. फायब्रोअ‍ॅडिनोमासारख्या साध्या गाठीही उजळतात. कॉटरीने (ऊती जाळून कापणाऱ्या विजेच्या उपकरणाने) भाजलेल्या कडेवर एन्झाइमच उरत नाही, तिथला अंधार फसवा असतो. शिवाय सुटलेला रंग हळूहळू आजूबाजूला झिरपतो. उशिरा काढलेल्या फोटोतली कड धूसर येते. द्रावण टाकण्याआधीचा एक फोटो हवाच, नाहीतर ऊतीची स्वतःची चमक वजा करता येत नाही. जोडीला एका तुकड्यावर जीजीस्टॉप हा जीजीटी रोखणारा पदार्थ वापरा. तिथेही उजेड पडला, तर तो जीजीटीचा नाही. शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टच्या स्लाइडचाच.

पेगुलिसियानिन या दुसऱ्या चमकणाऱ्या औषधाशी याची तुलना बरेच जण करतात. त्याला एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मंजुरी मिळाली. ते शिरेतून देतात, कॅथेप्सिन आणि एमएमपी या एन्झाइमांनी उजळतं आणि गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत बघण्यासाठी आहे. तीव्र अ‍ॅलर्जीचा इशाराही त्यावर आहे. आपला प्रोब बाहेर काढलेल्या तुकड्यावर पडतो, पेशंटच्या अंगात काही जात नाही. दोघांचं काम वेगळं.

साठवण सोपी: डीएमएसओ या द्रावकातलं प्रोबचं द्रावण छोट्या छोट्या नळ्यांत वाटून, उजेडापासून दूर, उणे 20 अंशांवर.

मूत्रपिंडाच्या गाठींसाठी मात्र हा घेऊ नका. तिथल्या निरोगी नलिकांतच जीजीटी इतकं असतं की गाठ वेगळी उठून दिसत नाही. अन्ननलिकेवर काम करत असाल तर आधी डीपीपी-4 एन्झाइमवर चालणारा, याच घराण्यातला प्रोब बघा. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) कॅन्सरवर तो 2016 मध्ये तपासला गेला आहे.