बोट टोचावं की दंडाला सेन्सर लावावा? (पायाच्या नसा गेलेल्यांसाठी)

रात्री चादर नुसती घासली तरी तळपायाची आग होते, आणि दिवसा त्याच पायातून चप्पल निसटलेली चार पावलं पुढे गेल्यावर कळते. मधुमेहानं नसा बिघडल्या की हे दोन्ही एकाच पायात नांदतं. तुमचंही असं असेल आणि घरची मंडळी 'तो सेन्सरच घेऊन टाकू' म्हणून मागे लागली असतील, तर थोडं थांबा. बोट टोचून साखर मोजायचा ग्लुकोमीटर मी नऊ वर्षं वापरतोय, दंडाला चिकटून दिवसरात्र साखर मोजणारा सेन्सर पाच वेळा लावलाय.

आधी पैसे. मीटरची पट्टी एकेक साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. रोज एकाच जेवणाच्या आधी आणि नंतर दोन तासांनी तपासायचं, आज नाश्ता, उद्या दुपार, परवा रात्र असं फिरवत राहायचं. महिन्याला ६० पट्ट्या, म्हणजे हजार-पंधराशेत काम होतं. सेन्सर दोन आठवडे चालतो आणि एकाला चार-पाच हजार मोजावे लागतात. बारा महिने लावायचा तर हिशोब तुम्हीच करा.

अचूकतेचं म्हणाल, तर दोन्ही थोडे थोडे चुकतात. मीटर थेंबभर रक्त तपासतो, सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांची सूट असते. एकावर १९२ आणि दुसऱ्यावर २०७ आलं तर डोकं धरून बसू नका. माझा सगळ्यात मोठा घोळ मात्र माझाच होता: हापूस चिरून हात न धुता टोचलं आणि ३१० बघून हादरलो. साबणानं हात धुऊन पुन्हा टोचलं तर १६४. सेन्सरची खोड वेगळी. तो लावलेल्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो आणि मध्यरात्री तीनला '५८' म्हणून तो बोंब मारतो. अशा वेळी साखर तोंडात टाकण्याआधी बोट टोचून खात्री करावी. माझी तेव्हा १०४ निघाली. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरही फार विसंबू नये.

आता सेन्सर जिथं खरंच भाव खातो ते सांगतो. एकादशीला वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दोन तासांनी मीटर १८८ म्हणाला, मी खूश. पुढच्या एकादशीला दंडावर सेन्सर होता. पाऊण तासात आकडा २६० ला टेकून खाली आला होता. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, पण सरासरीत असे डोंगर-दऱ्या बुजून जातात. आलेख बघताना दिवसातला किती वेळ ७० ते १८० मध्ये गेला ते बघायचं. बहुतेकांना ७० टक्क्यांच्या वर हवा, वयस्कर आणि इतर आजार असलेल्यांना निम्मा वेळही चालतो.

नसा म्हणजे फक्त पाय नव्हेत. जठराच्या नसा मंदावल्या की अन्न तिथंच रेंगाळतं. दोन तासांची साखर छान दिसते आणि चौथ्या तासाला चढते. जेवणाआधी इन्सुलिन घेतलेलं असेल तर ते अन्नाच्या आधीच कामाला लागतं आणि साखर घसरते. हे मीटरवर पकडायला नशीबच लागतं. साखर उतरल्यावर दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड होते, तेही याच नसांच्या जोरावर. त्या गेल्या तर माणूस ५० लाही शांत बसून पेपर वाचतो. म्हणून तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) घेत असाल आणि साखर उतरल्याचं कळेनासं झालं असेल, तर घासाघीस न करता अलार्मवाला सेन्सर घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असाल तर साखर फार उतरत नाही. मीटर भरपूर झाला. या दोघांच्या मधल्या लोकांनी माझ्यासारखं करावं: एरवी मीटर, वर्षातून दोनदा सेन्सर, त्यातला एक सणासुदीत.

एक धोका मला उशिरा समजला. आलेख सरळ करायच्या नादात मी एचबीए१सी तीन महिन्यांत ११ वरून साडेसातवर आणलं, आणि तळपायाची आग दुप्पट झाली. डॉक्टर म्हणाले, एचबीए१सी तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त घसरलं तर नसा अशा चवताळतात. हळूहळू उतरवा, तेही डॉक्टरांना विचारून. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात, शाकाहाऱ्यांना तर जास्तच.

पाय मात्र या दोघांपैकी कुणीच बघत नाही. गेल्या पावसाळ्यात डाव्या टाचेत काच रुतली होती. सेन्सर लावलेला, मोबाइलवर १३१, बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. संध्याकाळी मोजा काढताना तो टाचेला चिकटून बसला, तेव्हा कळलं.