मन्रो करायचेत, कागदी नकाशा कुठला घेऊ? लँडरेंजर, एक्सप्लोरर की हार्वे

ब्रिटनमध्ये डोंगर चढायचा नाद लागला की हा प्रश्न लवकरच येतो. फोनवर ॲप आहे, पण थंडीत बॅटरी बसते आणि ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही, म्हणून कागदाचा एक तरी नकाशा सॅकमध्ये हवाच. आणि मग समोर गुलाबी कव्हरचा लँडरेंजर, केशरी कव्हरचा एक्सप्लोरर, शिवाय हार्वेचे दोन प्रकार, यातला उचलायचा कुठला? बहुतेक जण "जितका मोठा स्केल तितका चांगला नकाशा" असं धरून एक्सप्लोरर घेऊन मोकळे होतात. माझं मत आधीच सांगून टाकते: स्कॉटलंडमध्ये मन्रो (३,००० फुटांवरचे डोंगर) करायचे असतील तर एक्सप्लोररशिवाय बऱ्याचदा मस्त भागतं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये शेतांच्या कुंपणांमधून डोंगराच्या पायथ्याला पोचायचं असेल तर एक्सप्लोररला पर्याय नाही.

आधी कोरडे आकडे उरकून घेऊ. लँडरेंजर ऑर्डनन्स सर्व्हेचा म्हणजे ओएसचा, १:५०,०००, जमिनीवरचा १ किमी नकाशावर २ सेंमी. एक शीट ४० बाय ४० किमीचं, आणि २०४ शीटमध्ये अख्खं ग्रेट ब्रिटन संपतं. एक्सप्लोरर पण ओएसचाच, १:२५,०००, म्हणजे १ किमीला ४ सेंमी, आणि शीट ४०३. हार्वे ही स्कॉटलंडमधली खाजगी कंपनी, १९७७ पासूनची, ओरिएंटियरिंगच्या (नकाशा-कंपास घेऊन पळायच्या खेळाच्या) दुनियेतून आलेली. त्यांचा सुपरवॉकर १:२५,००० आणि ब्रिटिश माउंटन मॅप १:४०,०००, पण ते फक्त गाजलेल्या डोंगरी भागांचे आणि लांब पल्ल्याच्या वाटांचे नकाशे काढतात, सगळ्या देशाचे नाही.

आता खरा फरक, कॉन्टूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. ओएसच्या दोन्ही नकाशांवर डोंगराळ भागात कॉन्टूर दर १० मीटरला (सखल भागात एक्सप्लोररवर ५ मीटरला), आणि हार्वेवर दर १५ मीटरला. वाटतं तेवढी ही किरकोळ गोष्ट नाहीये. वेळेचा अंदाज काढायला सगळे वापरतात तो नेस्मिथचा नियम, १८९२ सालचा, आजच्या मापात साधारण असा: सपाटीला ताशी ५ किमी, आणि चढाईच्या दर १० मीटरला १ मिनिट जादा. म्हणजे ओएसवर प्रत्येक रेष ओलांडली की एक मिनिट, जाड रेष ५० मीटरला म्हणून पाच मिनिटं, हिशोब तोंडी होतो. हार्वेवर एका रेषेला दीड मिनिट आणि जाड रेष ७५ मीटरला म्हणजे साडेसात मिनिटं, दमलेल्या डोक्याला हे गणित नको वाटतं. शिवाय ओएसची सवय असलेल्या माणसाला हार्वेवर उतार कमी वाटतो कारण रेषा विरळ दिसतात, आणि मग वर गेल्यावर "हे एवढं उभं कुठून आलं" असं होतं. दोन्ही आलटून पालटून वापरणार असाल तर हे डोक्यात पक्कं असू द्या.

पण त्याच विरळ रेषांमुळे हार्वे वाचायला इतका सोपा जातो की विचारू नका. ब्रिटिश माउंटन मॅपवर उंचीप्रमाणे रंग बदलत जातो, त्यामुळे कुठली सोंड कुठे उतरते आणि खिंड कुठे आहे ते नकाशा उघडताक्षणी कळतं, रेषा मोजायला लागत नाहीत. जिथे खडकाळ जमीन आहे तिथे कॉन्टूर तपकिरीऐवजी करड्या रंगात येतात, म्हणजे पायाखाली गवत असणार की दगडधोंडे हे आधीच कळतं, ओएसवर इतकं स्वच्छ नाही कळत. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कुलिन डोंगररांगेत तर हा फरक डोळ्यात भरतो. तिथे ओएसने कडे दाखवायला एवढं काळं रेखाटन केलंय की खालच्या कॉन्टूर त्यात बुडून जातात आणि धारेवर नेमकं काय चाललंय ते कळत नाही. हार्वेच्या कुलिन शीटवर मुख्य धार १:१२,५०० ला मोठी करून दिलीय. आणि कुलिनचा खडक चुंबकीय आहे, कंपास तिथे भलतीकडे बोट दाखवतो, त्यामुळे जमिनीचा आकार नकाशाशी जुळवूनच वाट काढावी लागते. तिथे जाणार असाल तर हार्वे घ्या, फार विचार करू नका.

मोठ्या स्केलचा फायदा नेमका कुठे होतो ते बेन नेव्हिसवर बघा. १,३४५ मीटर, सगळ्यात उंच, आणि माथ्यावर पठार असल्यामुळे धुक्यात सगळ्यात फसवा. उतरताना माथ्यावरच्या दगडी खांबापासून ग्रिड बेअरिंग (नकाशाच्या उत्तरेपासून मोजलेली दिशा) २३१ अंश धरून १५० मीटर चालायचं आणि मग २८२ अंशावर वळायचं. आधी उजव्या हाताला गार्डीलू गली, पुढे डाव्या हाताला फाइव्ह फिंगर गली, दोन्ही सरळ खाली नेणाऱ्या नाळा. आता पट्टी लावा: ते १५० मीटर लँडरेंजरवर ३ मिलिमीटर, ब्रिटिश माउंटन मॅपवर पावणेचार, एक्सप्लोररवर ६. तीन मिलिमीटरमध्ये जाड पेन्सिलीच्या टोकाने अर्धी चूक होते. म्हणजे अशा एखाद्या माथ्यासाठी १:२५,००० पाहिजेच, पण म्हणून संपूर्ण हायलँड्सचे (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचे) एक्सप्लोरर विकत घ्यायची गरज नाही. ओएसच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनमधून तेवढाच तुकडा छापून घेता येतो, प्लास्टिकच्या पिशवीत घातला की झालं.

मन्रो २८२ आहेत, ३,००० फुटांच्या म्हणजे ९१४.४ मीटरच्या वरचे. लँडरेंजरच्या एकेका शीटवर असे बरेच मावतात, आसपासच्या दऱ्या, लांबचा रस्ता, कुठून येऊन कुठे उतरता येईल, सगळं एका नजरेत. तेवढ्याच भागाला एक्सप्लोररची दोन-तीन शीट होतात, आणि डोंगर नेमका शीटच्या कडेला येतो, हा तर नियमच आहे. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर एक्सप्लोररची जादा माहिती तशी कमीच कामी येते, कारण तिथे ना शेतं ना कुंपणं, आणि ओएस तिथे हक्काच्या वाटा दाखवतच नाही. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागून जवळपास कुठेही चालता येतं.

इंग्लंड-वेल्सला आलात की खेळ बदलतो. तिथे कुठून जायचा हक्क आहे हे महत्त्वाचं, आणि एक्सप्लोररवर ते हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेलं असतं, शिवाय २००० च्या कायद्याने मोकळी झालेली जमीन फिकट पिवळ्या रंगात. एक गोष्ट मात्र नवीन लोकांना कोणी सांगत नाही: हिरवी रेष म्हणजे हक्क, तिथे जमिनीवर वाट असेलच असं नाही. प्रत्यक्ष दिसणारी वाट ती काळी तुटक रेष. दोन्ही एकमेकांपासून सरकलेल्या असतात, कधीकधी हिरवी सरळ दलदलीतून नाहीतर कड्यावरून गेलेली दिसते, तिच्यामागे डोळे मिटून जाऊ नका. आणि दुसरी चीज म्हणजे भिंती. एक्सप्लोररवर शेताची प्रत्येक भिंत, कुंपण येतं, लँडरेंजरवर येत नाही. धुक्यात "तिसरी भिंत ओलांडली, आता डावीकडे" असं मोजत जाता येतं.

म्हणून मॅरिलिन करणाऱ्यांनी, म्हणजे चारही बाजूंनी किमान १५० मीटर उठलेली टेपाडं गोळा करणाऱ्यांनी, सरळ एक्सप्लोरर घ्यावा. त्यातले कित्येक माथे शेतीच्या नाहीतर लावलेल्या जंगलाच्या मुलखात आहेत, हार्वेचा नकाशा तिथे मिळणारच नाही. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला उलटं, तिथे एक्सप्लोररची चार शीट लागतात आणि हार्वेच्या १:४०,००० मध्ये मुख्य डोंगर एकाच शीटवर येतात. मी तिथे हार्वेच नेते.

कागदाबद्दल थोडक्यात. साधा ओएस कागद पावसात घड्यांवर फाटतो, मॅपकेस लागतेच. त्यांचा लॅमिनेटेड ॲक्टिव्ह प्रकार भिजत नाही पण घडी जाडजूड होते, खिशात मावत नाही, वाऱ्यात उलटी घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि पैसेही बऱ्यापैकी जास्त. हार्वे मुळातच वॉटरप्रूफ, पातळ आणि हलका, खिशात कोंबला तरी चालतो, या बाबतीत ओएस त्याच्या जवळपासही नाही. ओएसच्या नवीन नकाशासोबत फोनवर उतरवायचा कोड मिळतो, तो मात्र फायदा धरा.

सेकंडहँड घ्यावा का? डोंगर काही हलत नाहीत, कॉन्टूर शिकायला जुना लँडरेंजर उत्तम आणि स्वस्त. बदलतात त्या जंगलखात्याच्या वाटा, जलविद्युत प्रकल्पांचे रस्ते, कुंपणं. उंचीसुद्धा बदलते: फिशरफील्डमधला बेन अ ख्लाइव्ह जुन्या नकाशावर ९१६ मीटर होता, नव्याने मोजल्यावर ९१४.४ च्या किंचित खाली निघाला आणि २०१२ मध्ये मन्रोच्या यादीतून गेला. आणि जुन्या शीटच्या कडेला चुंबकीय उत्तरेसाठी कितीतरी अंश पश्चिम असं छापलेलं असतं, ते आज लावू नका, ब्रिटनमध्ये आता चुंबकीय आणि नकाशाच्या उत्तरेतला हा फरक अगदी थोडा उरलाय, आजचा आकडा बघूनच कंपास लावा. कंपास घेतानाही त्यावर तुमच्या स्केलची पट्टी आहे ना बघा, १:४०,००० ची सगळ्यांवर नसते.

पैसे देण्याआधी शीट पूर्ण उघडून (ऑनलाइन घेत असाल तर हद्दीचं चित्र बघून) एवढं तपासा: गाडी लावायची जागा त्यावर आहे का, आणि हवा बिघडली तर मागच्या बाजूला ज्या दरीत उतरावं लागेल ती आहे का. हार्वेची हद्द डोंगरापुरती आखलेली असते, त्यामुळे माथा शीटवर आणि पळवाट शीटच्या बाहेर असं होऊ शकतं, तसं असेल तर सोबत त्या भागाचा लँडरेंजर घ्या.