वाय-फाय असलेला कॅमेरा सांगून मला २५,६५० रुपयांना फसवले

मी फलटण तालुक्यातून एका दैनिकासाठी मानधनावर बातमीदारी करतो. माउलींच्या पालखीचे उभे रिंगण आमच्याकडे तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे होते आणि त्याचे छायाचित्र लगेच कार्यालयात पोचले तरच त्याचा उपयोग होतो. घरी येऊन निवांतपणे संगणकावर छायाचित्रे उतरवणाऱ्याला वाय-फायवाचून काही अडत नाही, हे मला मान्य आहे. माझे काम तसे नव्हते. म्हणून छायाचित्र कॅमेऱ्यातून थेट मोबाइलवर घेता यावे यासाठी वाय-फाय हवेच, ही एकच अट धरून मी गेल्या वर्षी वारीच्या आठवडाभर आधी पुण्यातील जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने निकॉन डी५३०० वर छायाचित्र काढून ते स्वतःच्या मोबाइलवर घेऊन दाखवले. त्या मॉडेलमध्ये वाय-फाय अंगभूतच आहे. त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची निघाली, तेव्हा त्याने डी३३०० पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, हाही चोवीस मेगापिक्सेलचाच, वाय-फायही तेच, फक्त पडदा फिरत नाही." मी याच कॅमेऱ्यावर दाखवा म्हणालो, तर बॅटरी उतरली आहे, घरी चार्ज करून घ्या, असे उत्तर आले.

तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. या दोन्ही कॅमेऱ्यांना एकच बॅटरी चालते, ईएन-ईएल१४ए. चार्ज केलेली बॅटरी वीतभर अंतरावर, समोरच्या डी५३०० मध्ये होती. ती काढून यात घाला, एवढे चार शब्द मला सुचले नाहीत, कारण नुकतेच डोळ्यांदेखत छायाचित्र मोबाइलवर आलेले पाहिले होते आणि तीस वर्षांचे दुकान खोटे बोलेल असे मनात आले नाही. माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता. १८-५५ लेन्ससह कॅमेऱ्याचे २१,५०० आणि बॅगेचे ६५० रुपये दिले. बिलावर फक्त "कॅमेरा सेट" असे लिहिले होते. मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही. बिलावर या दोन गोष्टी नसतील तर पैसे देऊ नका.

घरी मेनू उलटापालटा केला आणि कळले की डी३३०० मध्ये वाय-फाय नाहीच. त्याला डब्ल्यूयू-१ए नावाचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. फोन केल्यावर दुकानदार म्हणाला, "तोच तर पाठवतोय, ३,५०० पाठवा." रिंगण दोन दिवसांवर आले होते, म्हणून तेही पाठवले. कुरिअरने आला तो संगणकाला लावायचा साधा डोंगल, जो कॅमेऱ्याच्या बारीक पोर्टमध्ये शिरतही नाही. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. रिंगण मी मोबाइलवर टिपले.

पोलिस ठाण्यात अडीच तास बसवून हा दिवाणी मामला आहे असे सांगण्यात आले, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच देण्यासही नकार मिळाला. एका हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि विक्रेत्याचा प्रतिसाद नाही एवढ्या कारणावरून ती बंद केली, म्हणजे उत्तर न देणाऱ्याचाच त्यात फायदा झाला. सर्वांत संताप आला तो ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात. दुकान ज्या जिल्ह्यात तिथेच जा, असे तिथल्या लिपिकाने मान वर न करता सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. हे मला वकील मित्राकडून कळेपर्यंत पुण्याच्या दोन खेपा आणि दोन दिवसांचे काम वाया गेले होते. ज्यांनी कायदा सांगायचा त्यांनीच तो चुकीचा सांगितला, तर माणसाने कोणाच्या दारात जावे? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

"वायरलेस आहे" या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. निकॉनच्याच डी३४०० या मॉडेलमध्ये केवळ ब्लूटूथ आहे आणि त्यावरून मोबाइलवर आपोआप येतात ती दोन मेगापिक्सेलची लहान छायाचित्रे. दुकानदाराच्या नव्हे, स्वतःच्या मोबाइलवर छायाचित्र घेऊन पाहा, आणि तेही जो कॅमेरा घरी न्यायचा आहे त्याच्यावरून.

३५० रुपयांचा कार्ड रीडर मोबाइलला जोडून मी सध्या काम भागवतो. सातारा येथे तक्रार दाखल केली आहे. तिच्यात २५,६५० रुपयांची मागणी आहे आणि तो डोंगल पाकिटासह पुरावा म्हणून जोडला आहे.