ग्रीनव्हिलची मूस-दर्शन सहल: शिकारीच्या हंगामात जावे का?

बॉस्टनहून उत्तरेकडे सुमारे चार तास गाडी चालवली की अमेरिकेतल्या मेन राज्यातले मूसहेड सरोवर लागते. त्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या ग्रीनव्हिल गावातून पहाटे निघणाऱ्या एका मूस-दर्शन सहलीला (मूस म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलांतले प्रचंड हरिण) आम्ही चौघे गेल्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. दिवस रविवारचा होता. मेनमध्ये रविवारी शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि त्या भागातला मूसच्या शिकारीचा आठवडा दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुरू होणार होता. भरपूर प्राणी पाहायला मिळतील या एकाच अपेक्षेने या दिवसांत येणाऱ्याला ही सहल निराश करील. मूसचा आकार आणि त्याची संख्या कशावर ठरते हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र वर्षातला याहून चांगला काळ मला दिसत नाही.

आमची वाटाड्या त्याच परिसरात वाढलेली होती. लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यांवरून चार तासांत तिने आम्हाला पाडसासह एक मादी आणि दलदलीच्या पलीकडे उभा असलेला एक नर दाखवला. तेवढेच. उजाडून तासभर होतो न होतो तोच ऊन तापले आणि प्राणी दिसेनासे झाले. हिवाळी केस अंगावर आलेल्या मूसला थोडीशीही ऊब सोसत नाही, उन्हाळ्यातसुद्धा पारा १४ अंशांच्या पुढे गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि अशा दिवशी तो दाट सावलीत बसून राहतो, असे तिने समजावले. म्हणूनच उबदार शरदात शिकाऱ्यालाही मूस कमी दिसतात, आणि त्यावरून मूस कमी झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. नर जवळ यावा म्हणून मादीचा आवाज काढण्याची मुलांनी केलेली विनंती तिने नाकारली. माजाच्या दिवसांत त्याला विनाकारण पळवायचे नाही, हे तिचे कारण मला पूर्ण पटले.

माजाविषयी तिने जे सांगितले तो या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग होता. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोठे नर मादीच्या मागे असतात, त्यातले कित्येक दिवस ते जवळपास काहीच खात नाहीत आणि उन्हाळाभर कमावलेल्या वजनाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग गमावतात. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस मारलेला नर आणि त्याच वयाचा ऑक्टोबरमध्ये मारलेला नर यांची वजने सरळ ताडून पाहता येत नाहीत. शिंगांचा विस्तार वयावर आणि चाऱ्यावर अवलंबून असतो. ती दरवर्षी हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात, म्हणजे एका उन्हाळ्यात मिळालेल्या अन्नाचा हिशेबच डोक्यावर उभा असतो. मादीचे वजन लोक फारसे विचारत नाहीत, पण संख्येच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे, कारण हडकलेली मादी उशिरा विते, जुळे क्वचित देते आणि एखाद्या वर्षी रिकामीच राहते.

सोमवारी दुपारी, सहलीचा भाग नसतानाही, आम्ही वाटाडीच्या सांगण्यावरून शिकारीची नोंद होते त्या दुकानापाशी गेलो. ज्या मातीत ताडोबाच्या फाटकावर पहाटे रांग लावून वाघाची वाट पाहण्याची सवय लागली, तिथून आलेल्या माणसाला मेलेला प्राणी काट्याला टांगलेला पाहणे सोपे नाही, आणि माझी मुलगी गाडीतून उतरलीच नाही. मी मात्र थांबलो. तिथे दात काढून घेतला जातो, कारण त्याच्या छेदात झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलये असतात आणि त्यावरून नेमके वय कळते. शिंगांची मापे घेतली जातात. जीवशास्त्रज्ञ अंगावरच्या ठरावीक जागी केस बाजूला सारून गोचिडी मोजतात.

त्या मोजणीवर सगळे अवलंबून आहे. हिवाळी गोचिडीची पिल्ले शरदात झुडपांच्या शेंड्यांवर झुबक्यांनी बसून राहतात आणि बर्फ पडेपर्यंत जाणाऱ्या जनावराला चिकटतात. बर्फ जितका उशिरा, तितक्या गोचिडी अधिक. एका मूसच्या अंगावर त्या ५०,०००हूनही अधिक असू शकतात आणि वसंताच्या तोंडाशी त्यांनी शोषलेल्या रक्तामुळे पाडसे मरतात. २०२१-२२च्या हिवाळ्यात मेनमध्ये माग ठेवण्यासाठी पट्टे बांधलेल्या ७० पाडसांपैकी ६० दगावली. मूस दाट झाले की गोचिडी वाढतात, म्हणून २०२१पासून राज्याने वायव्येकडील वन्यजीव व्यवस्थापन विभाग क्रमांक ४च्या अर्ध्या भागात माद्यांच्या शिकारीचे जादा परवाने देऊन संख्या मुद्दाम कमी करण्याचा प्रयोग सुरू केला. प्राणी वाचवण्यासाठी प्राणी मारायचे, हे ऐकून माझे मन आधी मागे सरले. पण १९७० आणि १९८०च्या दशकांत किडीने ग्रासलेली जंगले सरसकट तोडली गेली, त्या जागी कोवळी झाडे उगवली आणि त्या चाऱ्यावर मूस भरमसाट वाढले, हा इतिहास कळल्यावर आजची दाट संख्या ही मूळची स्थिती आहे असे मला म्हणवेना. १९३५मध्ये बंद झालेली शिकार १९८०मध्ये ७०० परवान्यांच्या सोडतीने पुन्हा उघडली, ती याच वाढीच्या काळात.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. कंपनीच्या जाहिरातीत मूस हमखास दिसण्याचे जे प्रमाण छापले आहे ते जून-जुलैचे आहे, जेव्हा मूस पाणवनस्पती खायला तळ्यात उतरतात, आणि आरक्षण करताना हे कोणीही सांगितले नाही. विचारल्यावर वाटाडीने ते लगेच मान्य केले. कार्यालयाने मात्र माझ्या पत्राला उत्तर दिलेले नाही. मुलांना फक्त मूस पाहायचे असतील तर जूनमध्ये जावे. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर रविवारची पहाटेची फेरी घ्या, स्वतःची दुर्बीण न्या, आणि सोमवारनंतर जंगलात पायी फिरायचे असल्यास अंगावर भडक नारिंगी जाकीट असू द्या.