दहा महिने वापरलेला मिक्सर, आणि काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं दुकान

दसऱ्याला घेतलेल्या मिक्सरला या श्रावणात दहा महिने झाले. नागपंचमीचं पुरण वाटून भांडी पालथी घातली तेव्हा वाटलं, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच मिक्सर चांगले चालतात. हे ठामपणे सांगते, कारण २०१० ते २०१९ अशी नऊ वर्षं मी पुण्यात घरगुती उपकरणांच्या एका दुकानात काउंटरला होते. मिक्सर, इस्त्री, गीझर, पंखे ही माझी बाजू.

कंपनीचं आणि दुकानांची नावं लिहीत नाही. जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीचा मिक्सर घेताना उपयोगी पडावं.

घेतलाय तो ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा. घराजवळच्याच दुकानातून. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "काकू, घरात माणसं किती? इडलीचं पीठ रोज लागतं का?" चार माणसं, पीठ आठवड्यातून एकदा, असं सांगितल्यावर त्याने हजार वॅटचा मिक्सर काढलाच नाही. महाग मालावर काउंटरच्या माणसाला इन्सेंटिव्ह जास्त असतो आणि दसरा-दिवाळीत टार्गेट डोक्यावर बसलेलं असतं, हे मला माहीत आहे. तरी त्याने हे केलं, ते माझ्या लक्षात राहिलं.

मग त्याने सीलबंद खोका माझ्यासमोर फोडला, आत निघालेलाच मिक्सर लावून दाखवला, वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का मारला आणि मिक्सरखालचा सीरियल नंबर बिलावर लिहिला. ही सगळी कामं करून घेतल्याशिवाय दुकानातून पाऊल बाहेर टाकू नका. मांडणीतला मिक्सर पुसून, पुन्हा खोक्यात भरून दिलेला मी पाहिलाय. कोऱ्या वॉरंटी कार्डासाठी दोन-दोन हेलपाटे मारणारी माणसंही पाहिली आहेत. आणि बिल मागताना संकोच करू नका. बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता वापराबद्दल. पहिल्या दिवशी जळकट वास आला, पण मी घाबरले नाही. मोटरच्या तारांवर वार्निशचा थर असतो, तो पहिल्यांदा तापला की वास सुटतो. दोन-चार वेळा वापरल्यावर गेला. आवाज मात्र मोठा आहे, तो तसाच राहणार. या मोटरी कार्बन ब्रशवर चालतात आणि मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतात. सकाळी सहाला चटणी वाटायची असेल तर मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

दाण्याचं कूट या मिक्सरवर सुरेख होतं, पण बटण सलग फिरवायचं नाही. थांबत थांबत चार-पाच झटके द्यायचे. सलग फिरवलं की दाण्याला तेल सुटतं आणि गोळा होतो. लसूण-खोबऱ्याची चटणी छान रवाळ निघते. इडलीचं पीठ मोठ्या भांड्यात दोन वेळा करून वाटते आणि पाणी माठातलं घालते, कारण वाटताना पीठ तापतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण पूर्ण गार झाल्याशिवाय भांड्यात घालत नाही. गरम वाटणाची वाफ झाकण उडवते. पुरण होतं, पण खरं सांगायचं तर पुरणयंत्रातलं जास्त मऊ. हळकुंडं घरी फोडायचा मोह कुणालाही होऊ नये, ती गिरणीतच द्यावीत.

एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते आणि कुणी वाचत नाही. माझ्या मिक्सरवर तीस मिनिटांचं रेटिंग आहे. त्याचा अर्थ सलग तीस मिनिटं नव्हे. पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असे सहा वेळा. डिसेंबरात लाडवांसाठी मी हरभऱ्याची डाळ घाईने दळायला घेतली आणि मिक्सर मध्येच बंद पडला. खाली लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. मोटरवर ताण आला की ते सुटतं आणि मोटर वाचते. पाच-सात मिनिटं थांबून दाबलं, चालू झाला. काउंटरला असताना "मिक्सर मेला" म्हणून आणलेले कितीतरी मिक्सर आम्ही त्या एका बटणाने जिवंत करून परत दिले. तसंच खालचं कपलर, म्हणजे भांडं आणि मोटर जोडणारा तुकडा. ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. भांडं अडकलं तर आधी ते तुटावं, मोटर नाही. तुटलं तर नवा मिक्सर घेऊ नका. वॉरंटी संपली असेल तर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुना तुकडा घेऊन जा, मिळून जातं. आईच्या सुमीत मिक्सरचं कपलर मी तिथूनच दोनदा आणलं होतं. परदेशी मिक्सर आपल्या ओल्या डाळीपुढे आणि सुक्या मसाल्यापुढे टिकेना, म्हणून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने साठच्या दशकात आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा तो मिक्सर घडवला. भारतीय मिक्सर दुरुस्त होऊन वर्षानुवर्षं चालतो, ही आमच्या घरातली समजूत त्या सुमीतमुळेच.

आता तक्रार. फेब्रुवारीत चटणीच्या भांड्याखाली काळं पाणी दिसायला लागलं. ब्लेड ज्यात फिरतं तो बुश झिजला की वंगणासकट पाणी खाली झिरपतं. ते अन्नातही जाऊ शकतं, म्हणून भांडं लगेच बाजूला ठेवलं. कंपनीच्या नंबरवर फोन केला. तक्रार नोंदली, चौथ्या दिवशी मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं. घरी कुणी फिरकलंही नव्हतं. पुन्हा फोन केला, तर उत्तर मिळालं की भांडी वॉरंटीत येत नाहीत. मी कार्ड समोर घेऊन बसले होते. वगळलेल्या भागांत प्लास्टिक, रबर आणि बाहेरून झालेली मोडतोड होती. धातूचा बुश त्यात कुठेही नव्हता. ते वाक्य मी फोनवर वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. फोनवरच्या मुलीने ती वॉरंटी लिहिलेली नसते, आणि दिवसभर लोकांचा राग ऐकून संध्याकाळी घसा कसा कोरडा पडतो ते मला ठाऊक आहे.

तरीही चार दिवस काही हललं नाही. मग दुकानात गेले. दसऱ्याचा तोच मुलगा काउंटरला होता. त्याने भांडं पालथं करून पाहिलं, ब्लेड बोटाने हलवून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, बुश गेलाय. आमच्याकडून गेलेला माल आहे, मी बघतो." त्याने माझ्यासमोर त्या भागातल्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला, बिलाचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी माणूस घरी आला आणि ब्लेडचा अख्खा संच पैसे न घेता बदलून गेला. पहिल्या फोनपासून अकरा दिवस. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी काढून ठेवला होता, तो लावावा लागला नाही.

"मी बघतो" हे दोन शब्द ऐकून मला गलबलून आलं. कारण मी ते म्हटले नव्हते.

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. वेल्ह्याकडचे एक आजोबा एसटीने खोका खांद्यावर घेऊन आले. तीन दिवसांपूर्वी सुनेसाठी मिक्सर नेला होता, पहिल्या दिवसापासून तो घरघर करून थांबायचा. दोष मिक्सरचाच होता, मला आवाजावरून कळलं. माझ्या मागे भिंतीवर पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मालकांनी नजरेने खूण केली. मी आजोबांना म्हटलं, "बाबा, सर्व्हिस सेंटरला जा, आम्ही काही करू शकत नाही." त्यांनी विचारलं, "ते कुठं आलं?" मी कागदावर पत्ता लिहून दिला. ते तसेच खोका उचलून बाहेर पडले. मी उठून मालकांशी बोलू शकले असते. बोलले नाही, पगाराची भीती होती.

त्या पाटीला आज कायद्यात जागा नाही. २०१९ चा तो नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून परत करायचा हक्क यात नाही, दोष हवा. पण दोष असेल तर पाटीकडे बोट दाखवणाऱ्याला हे शांतपणे सांगा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. हे आजोबांना सांगायला तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं असं नाही, १९८६ चा जुना ग्राहक संरक्षण कायदा होता. मला तो माहीत नव्हता आणि कुणी शिकवलाही नव्हता. आम्हाला जास्तीची वॉरंटी कशी गळ्यात मारायची ते शिकवलं होतं. जुलै २०१८ मध्ये मिक्सरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा गिऱ्हाईक जुन्या किमतीचा खोका दाखवून विचारायचं, "आता किती?" त्याचं उत्तरसुद्धा आम्ही वर्तमानपत्रात वाचून देत होतो.

आणि हे सगळं उभ्याने. सकाळी दहा ते रात्री नऊ, काउंटरमागे स्टूल नाही. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, आळशी दिसतं म्हणून. डबा गोडाऊनमध्ये फ्रिजच्या खोक्यांवर ठेवून दहा मिनिटांत संपवायचा. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा आजही फुगलेल्या आहेत. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुकानातल्या कामगाराला बसायला जागा देणं आलं. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. ती बातमी मी जपून ठेवली आहे.

मिक्सरला पाचपैकी चार देईन. एक बुशसाठी कापला. चार महिन्यांत बुश जायला नको होता. बदललेला अजून कोरडा आहे, दर रविवारी कागदावर भांडं ठेवून तपासते.

गेल्या आठवड्यात नणंदेला मिक्सर घ्यायचा होता, तिला त्याच दुकानात नेलं. दुपारचे अडीच वाजले होते. मुलगा काउंटरमागे स्टुलावर बसून डबा खात होता. आम्हाला पाहून झाकण लावायला लागला. मी म्हटलं, "राहू दे, सावकाश जेव. आम्हाला घाई नाही." आम्ही पंख्याखाली बसलो. त्याची पोळी-भाजी संपली, त्याने हात धुतले, मग नणंदेला विचारलं, "काकू, घरात माणसं किती?"