‘कधीही या’ की ठरलेली भेट?
‘काही अडलं तर कधीही या’ म्हणणारा साहेब मनाने चांगलाच असतो. पण त्याच्या दारात येतात ती बोलकी माणसं; बुजरा माणूस येतो तो थेट राजीनामा घेऊनच. त्यापेक्षा दर पंधरवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास, दोघांतच बोलणं उजवं. पहिली 20 मिनिटं त्याची: काय अडलंय, बोजा किती, सांगावंसं वाटलं तर घरचंही. इथे कामाचा आढावा घुसवला की भेटीची झडती होते. बसण्याआधी वहीत मागचा शब्द बघा; कबूल केलेली रजा विसरलात, तर पुढे ‘सगळं ठीक’ एवढंच ऐकू येईल. अडचण आली तर भेट त्याच आठवड्यात पुढे ढकला, रद्द नको. दहा-बाराच्या वर माणसं असली की हे झेपत नाही. गटप्रमुखांत वाटून द्या. तातडीच्या वेळी मात्र उघडं दारच बरं.